गेमची ऑनलाइन दुकानं: तुमचे अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल गुरुवार, म्हणजे एपिक या ऑनलाइन दुकानात फुकटचा गेम बदलायचा दिवस. रात्री साडेआठला भाचा भरल्या ताटावरून ओरडला, "मामा, एपिकवरचा फुकटचा गेम बदलला, आधी घे, मग जेव!" आणि मला २००४ आठवलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून हाफ-लाइफ २ हा गेम आणला होता. डिस्क हातात, तरी स्टीम या ऑनलाइन दुकानाचं खातं काढल्याशिवाय तो सुरू होत नसे, आणि घरी फोनच्या तारेवरून रखडत चालणारं डायल-अप इंटरनेट! दुसरीकडून घ्यावा म्हटलं तरी वाट तीच. डिसेंबर २०१८ ला एपिकचं दुकान आलं तेव्हा म्हणूनच आनंद झाला होता. माझं मत सरळ आहे: दुकानं भावात आणि सेवेत भांडली तर आपलं भलं, गेम अडवून भांडली तर आपले हाल. तुमचं काय?

पोहे_विथ_शेव
मे २०२०!! एपिकवर जीटीए ५ फुकट!!! सगळं जग एकदम तुटून पडलं, साइट कित्येक तास बंद. हॉस्टेलच्या ग्रुपवर रात्रभर एकच प्रश्न, "तुला मिळाला का?" लॉकडाऊनमध्ये त्या गेमने आम्हा मित्रांना धरून ठेवलं.

एडिसनकर
मेट्रो एक्सोडस नावाचा गेम. फेब्रुवारी २०१९ मध्ये यायचा होता आणि जेमतेम दोन-तीन आठवडे आधी स्टीमवरची विक्री बंद. वर्षभर फक्त एपिकवर. आधी पैसे भरलेल्यांना स्टीमवर मिळाला, हे खरं. इथे अमेरिकेत ६० चा ५० डॉलरही झाला. पण माझे सगळे मित्र, सेव्ह केलेले खेळ, कंट्रोलरची सेटिंग्ज एकीकडे आणि गेम दुसरीकडे. दहा डॉलर वाचले तरी बरं वाटलं नाही.

मावशीबाई
मुलाने तीन ठिकाणी खाती काढलीत. पासवर्ड मलाच विचारतो. एक शंका, सीडी होती तेव्हा शेजारच्या मुलाला देता यायची, आता विकत घेतलेलं दुसऱ्याला देता येतं का?

कृष्णाकाठ
@मावशीबाई ताई, विकता येत नाही, फक्त खेळायचा परवाना मिळतो. पण २०२४ पासून स्टीमवर एका घरातल्या सहा जणांपर्यंत गेम वाटून घेता येतात. जीओजी या दुकानात घेतलात तर गेम बसवायची फाइल (इन्स्टॉलर) उतरवून पेनड्राइव्हवर जपून ठेवता येतो, नंतर खेळायला कुणाची परवानगी लागत नाही. मी जुने गेम तिथूनच घेतो.

कोथरूड_कोडर
गेम बनवणाऱ्याच्या बाजूने लिहितो. विक्रीतले साधारण ३० टक्के स्टीम कापतं, एपिकने २०१८ ला ते १२ वर आणलं. शंभरातले सत्तर की अठ्ठ्याऐंशी, हा आमच्यासारख्या चार माणसांच्या टीमला पगाराचा प्रश्न असतो. एपिक यायच्या तोंडावर स्टीमनेही हिस्सा उतरवला, पण तो एक कोटी डॉलरच्या वरच्या कमाईवर! म्हणजे मोठ्यांना सूट, लहानांना नाही. आणि गिऱ्हाइकाला? भाव बहुतेक ठिकाणी तेच राहिले. वाचलेला पैसा बनवणाऱ्याकडे गेला. मला ते योग्य वाटतं, पण "स्पर्धेने गेम स्वस्त झाले" असं सरसकट म्हणू नका.

मेलबर्नची_मंजू
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. रिफंडचं कुणीच बोललं नाही! २०१३ ला ईए कंपनीच्या ओरिजिन या दुकानाने आधी पैसे परत द्यायला सुरुवात केली, स्टीमने २०१५ ला: १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर. जीओजीने २०२० ला ३० दिवस केले. पण सगळं श्रेय स्पर्धेला देऊ नका हं. आमच्या इथल्या ग्राहक आयोगाने २०१४ मध्ये स्टीमच्या कंपनीला कोर्टात खेचलं होतं, पुढे ३० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंडही झाला. दुकानदार दुकानदाराला घाबरतो त्याहून जास्त कायद्याला घाबरतो. शिट्टी झाली, पळते.

नाशिकचा_निल्या
मंजूताई +१. माझं खातं एका दुकानात हॅक झालं, तिथे माणूस म्हणून कुणी बोलायलाच येईना. फुकट गेमपेक्षा फोन उचलणारा माणूस द्या.

पोहे_विथ_शेव
@निल्या अरेरे. मिळालं का परत?

नाशिकचा_निल्या
मिळालं रे, बिलाचे स्क्रीनशॉट होते म्हणून. सगळ्यांनी बिलं जपून ठेवा.

जुना_खेळाडू
२०१५ च्या शेवटी स्टीमवर रुपयांत भाव दिसायला लागले, ते विसरलात? त्याआधी डॉलर, आणि बाबांच्या क्रेडिट कार्डासाठी विनवण्या. आता यूपीआय केलं की झालं. माझ्या मते आपल्याकडच्या पोरांना पायरसीतून बाहेर काढलं ते या दोन गोष्टींनी.

मावशीबाई
@कृष्णाकाठ सहा जणांचं केलं, धन्यवाद! आता लॅपटॉप तव्यासारखा तापतोय, काय करू? नाशिकला राहते मी.

कोथरूड_कोडर
ताई, गादीवर ठेवून खेळतोय का तो? टेबलावर ठेवायला सांगा आणि पंख्यातली धूळ काढून घ्या. नाशिकमध्ये कुणी चांगला दुरुस्तीवाला माहितीये का, निल्या?

नाशिकचा_निल्या
आहे ना, व्यनि (खाजगी निरोप) करतो.