हलकी स्लीपिंग बॅग सकाळपर्यंत ओली होते, मदत हवी आहे

पायवाट
नमस्कार मंडळी. पाठीवरचं वजन कमी करायचं म्हणून हलकी स्लीपिंग बॅग घेतली. रात्री शिरतो तेव्हा ठणठणीत कोरडी असते, सकाळी पायाकडचा भाग ओला. नुसता दमट नाही, हात फिरवला की बोटांना पाणी लागतं आणि आतली भरण गोळे होऊन कडेला बसलेली असते. दुसरी रात्र कुडकुडत काढावी लागते. तंबू गळत नाही, तपासलंय. लवकरच पुन्हा निघायचंय, सलग मुक्काम आहेत. वजन वाढवायचं नाही. कृपया नेमका उपाय सांगा, वेळ कमी आहे.

कोरडाठाक
भाऊ, ड्राय बॅग घे, म्हणजे पाणी न शिरणारी, तोंड गुंडाळून बंद करायची पिशवी, आणि तोंडाला निदान तीन घड्या घाल, एका घडीत पाणी अडत नाही. सॅकच्या रेनकव्हरवर विसंबू नकोस. पाठीकडची बाजू उघडीच असते, पाणी पट्ट्यांवरून उतरून तळाला साचतं आणि सगळेजण स्लीपिंग बॅग नेमकी तळालाच कोंबतात. ड्राय बॅग नसेल तर जाड प्लास्टिकची मोठी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लाव, सामान भरून झालं की तोंड पिळून खाली दुमड. मी वर्षानुवर्षं हेच करतोय.

पायवाट
सॅकमध्ये भिजत नाही हो. झोपताना कोरडी असते असं वर लिहिलंय.

चांदणवेल
भरण कसली आहे, पिसं की सिंथेटिक? तंबू एका कापडाचा की आतबाहेर दोन कापडांचा? त्या रात्री पाऊस होता का? तंबू कुठे लावला होता? एवढं कळल्याशिवाय काही सांगणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

दगडधोंडे
गोळे होतात म्हणजे पिसंच. विकून टाका आणि सिंथेटिक घ्या. ऊब पिसांची नसते, त्यांच्यामध्ये अडकलेल्या हवेची असते. पिसं भिजली की एकमेकांना चिकटतात, बॅग चपटी होते, हवा गेली की ऊबही गेली. सिंथेटिक ओली झाली तरी बऱ्यापैकी फुगलेली राहते आणि वाळतेही लवकर.

उंचटेकडी
@दगडधोंडे, तेवढ्याच उबेची सिंथेटिक जड असते आणि सॅकमध्ये जागाही जास्त खाते. त्यांनी वजन वाढवायचं नाही असं स्वच्छ लिहिलंय. शिवाय सिंथेटिक पुन्हापुन्हा दाबून भरली की कायमची बसते, पिसं नीट सांभाळली तर कितीतरी जास्त टिकतात.

दगडधोंडे
टिकून काय उपयोग, ओल्या पिसांत झोप येत नसेल तर? सलग मुक्काम आहेत हेही त्यांनीच लिहिलंय.

सायंतारा
पिसांची बॅग धुताना नेहमीची कपड्यांची पावडर वापरू नका, पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं. पिसांसाठी वेगळा साबण मिळतो. ओली बॅग एका टोकाला धरून उचलू नका, पाण्याच्या वजनाने पिसांचे कप्पे करणारे आतले पडदे फाटतात. ड्रायरमध्ये अगदी कमी उष्णतेवर, सोबत दोनतीन टेनिस बॉल टाकून वाळवा, गोळे फुटतात. घरी ठेवताना दाबून ठेवू नका, मोठ्या सैल पिशवीत ठेवा.

पायवाट
धन्यवाद, पण बॅग धुवायची नाहीये.
@चांदणवेल, पिसं आहेत. तंबू एका कापडाचा, ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा. पाऊस नव्हता, वाराही नव्हता, आभाळ निरभ्र होतं. ओढ्याच्या अगदी काठाला सपाट जागा मिळाली होती. थंडी होती म्हणून सगळ्या चेन लावून झोपलो. भिजलेले मोजे, कपडे आतच दोरीवर टाकले होते.

चांदणवेल
मग हे पाणी बाहेरून आलेलंच नाही. तुमचा श्वास, अंगाची वाफ आणि त्या मोज्यांतली ओल रात्रभर आत कोंडली गेली. निरभ्र आणि बिनवाऱ्याच्या रात्री तंबूचं कापड आभाळाकडे उष्णता टाकत राहतं आणि भोवतीच्या हवेपेक्षाही गार होतं. वाफेला टेकायला तेच मिळतं, आतल्या बाजूला थेंब धरतात. त्यात ओढ्याचा काठ, म्हणजे मुळातच दमट हवा, आणि रात्री गार हवा उतरून खोलगट भागातच साचते.
वजन न वाढवता करता येतं ते असं: तंबू ओढ्यापासून लांब, थोडा चढावर, जमलं तर झाडाखाली लावा, तिथे दव कमी पडतं. दार अर्धं तरी उघडं ठेवा, वरची झडप बंद करू नका. गार लागेल, पण कोरड्या बॅगेत गार हवा सोसते. ओले कपडे बाहेर.
एक राहिलंच. उंची किती तुमची? पाय कापडाला टेकतात का?

रात्रवारा
हॅमॉक, म्हणजे दोन झाडांना बांधायची झोळी, वापरून बघा. वर ताडपत्री ताणली की चारी बाजूंनी हवा खेळते, ही भानगडच राहत नाही.

उंचटेकडी
हॅमॉकमध्ये पाठीखालची भरण दबते आणि खालून गार लागतं, मग खाली लावायची वेगळी रजई घ्यावी लागते. वजन तिथेच आलं. आणि झाडंच नसतील तर?

रात्रवारा
झाडं नसतील तर जमिनीवर झोपावं. पण असतील तर हॅमॉकसारखं सुख नाही.

पायवाट
उंची सहा फूट दोन इंच. पाय टेकतच असणार, तंबू पायाकडे उतरता आहे. नाक गार पडतं म्हणून तोंड बॅगेत घेऊन झोपतो.

कोरडाठाक
मग पायाकडून प्लास्टिकची पिशवी चढव. थेंब तिच्यावर पडतील.

उंचटेकडी
नका चढवू! पायांचा घाम बाहेर पडायचा थांबेल आणि बॅग आतून भिजेल. पावसाळी जॅकेटची चेन उघडी ठेवून ते पायांवर नुसतं पांघरा. कापडाचा स्पर्श अडतो आणि खालून वाफेला वाट राहते. जॅकेट तुमच्याजवळ असणारच, म्हणजे वजन शून्य.

कोरडाठाक
मी पिशवी वापरतो, मला त्रास झालेला नाही.

चांदणवेल
@कोरडाठाक, तुमची बॅग सिंथेटिक असेल तर तो ओलावा खपून जात असेल. इथे पिसं आहेत, जॅकेटच बरं.
@पायवाट, तोंड आत घेणं आधी बंद करा, प्रत्येक श्वासाचं पाणी थेट पिसांत जातंय. कानटोपी घाला, नाकावर पातळ रुमाल घ्या, बॅगेची दोरी तोंडाभोवती ओढा. तंबूत तिरके झोपा, म्हणजे पाय भिंतीपासून सुटतील. उठल्यावर आधी फडक्याने आतलं कापड पुसा, नाहीतर तंबू हलला की थेंब अंगावर गळतात. आणि सकाळी घाईत ओली बॅग दाबून भरलीत तरी दुपारी जिथे थांबाल तिथे उन्हात पसरा. आधी उलटी करून, मग सुलटी. गोळे बोटांनी हलकेच मोकळे करा, ओढू नका.

पायवाट
हे जमण्यासारखं आहे. पण पाऊस असेल तेव्हा दार उघडं कसं ठेवू?

चांदणवेल
तंबूची पाठ वाऱ्याकडे करा आणि आडोशाच्या बाजूचं दार वरून थोडं उघडा. कापडाच्या दोऱ्या झोपण्याआधी पुन्हा ताणा, नायलॉन भिजलं की सैल पडतं आणि थेट तुमच्या पायांवर येतं.

दगडधोंडे
एवढं सगळं करून पाऊस लागून राहिला आणि दुपारी ऊनच पडलं नाही तर? तेव्हा सिंथेटिकच तारेल.

सायंतारा
ड्रायर नसेल तर सावलीत, आडवी पसरून वाळवा. वेळ लागतो, मधूनमधून झटकत राहायचं.