प्रत्येक थायरॉइडला तीच गोळी नाही

थायरॉइड म्हणजे जन्मभर सकाळी उपाशीपोटी गोळी असं सरसकट म्हटलं जातं. हाशिमोटोत (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर उलटते तो आजार) ग्रंथी कायमची मंदावली तर ते खरंच, पण थायरॉइडच्या सगळ्या सुजेला लागू नाही. माझ्या जावेला व्हायरल तापानंतर घोट गिळताना कानापर्यंत कळ जायची, टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) अगदी तळाला, म्हणजे रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त. निघालं सबअ‍ॅक्यूट थायरॉयडायटिस, म्हणजे थायरॉइडची दुखरी, बहुधा तात्पुरती सूज. यात ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते, साठवलेलं गळत असतं, म्हणून हार्मोन बनणं रोखणाऱ्या कार्बिमाझोलचा उपयोग नाही.

धडधडीला प्रोप्रॅनोलॉल, दुखण्याला आधी आयबुप्रोफेन, तेवढ्याने भागेना म्हणून प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. दोन दिवसांत मान वळायला लागली तर बाईंनी (कोणाला न विचारता!) स्टेरॉइडच्या गोळ्या बंद केल्या नि आठवड्यात दुखणं परत हजर, मग पुन्हा सुरू करून डोस हळूहळू उतरवला. नंतर ग्रंथी तात्पुरती मंदावली म्हणून काही महिने थायरॉक्सिन (तीच सकाळची हार्मोनची गोळी) होतं, आता तेही बंद.