मदत हवी आहे: घरमालक म्हणतात कॉम्प्युटर महिन्याला हजाराची वीज खातो. डेस्कटॉप ठेवू की लॅपटॉप घेऊ?

कागद_आणि_कोरल:
नमस्कार मंडळी. नागपूरला नंदनवनमध्ये भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, घरूनच डीटीपीची कामं करतो. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दुकानांची पत्रकं. कॉम्प्युटर दिवसाचे १० तास तरी सुरू असतो.

घरमालक काका खाली, मी वर. मीटर दोघांत एकच, विजेचे पैसे भाड्यातच धरलेले. मे महिन्याचं बिल हातात पडलं आणि काका वर आले. सीपीयूच्या मागे वाकून एसएमपीएसवरचं (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) स्टिकर वाचलं, ४५० वॉट. लगेच मोबाइलवर हिशेब: १० तासांचे साडेचार युनिट, २६ दिवसांचे ११७, युनिटला १० रुपये, झाले ११७०. "तू आपला हजारच देत जा," म्हणाले. माणूस चांगला आहे, भांडायचं नाही. पण हजार रुपये म्हणजे माझ्यासाठी जास्त होतात.

मशीन जुनं आहे: चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, २२ इंची एलईडी मॉनिटर, ६०० व्हीएचा यूपीएस. मित्र म्हणतो लॅपटॉपचा चार्जर फक्त ६५ वॉटचा असतो, घेऊन टाक. सीताबर्डीत सेकंडहँड २५ हजारांत मिळतोय. फरक खरंच एवढा असतो का? आणि काकांना पटेल असं दाखवू कसं?

तारेवरचा_कावळा:
काकांनी आकडा बरोबर वाचला बाप्पा, अर्थ भलताच लावला. ४५० वॉट ही एसएमपीएसची जास्तीत जास्त देण्याची ताकद आहे. मशीन मागेल तेवढंच तो देतो. स्पीडोमीटरवर १६० लिहिलं आहे म्हणून वर्धा रोडवर कोणी रोज १६० नं जाते का?

तुझ्यासारखं मशीन पत्रिका-बित्रिका करताना मॉनिटर धरून साधारण ६० ते ९० वॉट ओढते. त्यात मॉनिटरचे १५-२५. गेमिंगवाल्यांचं वेगळं, मोठं ग्राफिक्स कार्ड पूर्ण जोरात असलं की ३००-४०० सहज जातात. तुझ्या मित्राचाही तोच घोळ होऊन राहिला. ६५ ही चार्जरची कमाल. बॅटरी भरलेली असली आणि काम हलकं असलं तर लॅपटॉप १५ ते ३० वॉटमध्ये भागवतो.

काकांना सांगून पटणार नाही, दाखव. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो नं, त्याच्याजवळ imp/kWh असं काहीतरी आणि एक आकडा छापला असते. ३२०० असेल तर ३२०० लुकलुकींचा एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, फ्रिजसुद्धा, राउटर अन् मोबाइलचे चार्जरही काढा. दिवा थांबला की फक्त कॉम्प्युटर लावा आणि १० मिनिटं मोजा. काकांना सोबत उभं करा, नाहीतर म्हणतील मनाचे आकडे आणले.

संत्रा_बर्फी:
वरचं सगळं बरोबर, पण काकांची एक बाजू आहे. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटपर्यंत एक भाव, मग ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे चढता. दोन घरं एका मीटरवर असली की वरचे युनिट महागड्या टप्प्यात पडतात. तेव्हा सरासरी भावापेक्षा जरा जास्त मागितलं तर तो काही अन्याय नाही.

मात्र टप्पा ओलांडला की सगळंच बिल महाग होतं, हा गैरसमज काढून टाका. वाढीव भाव फक्त वरच्या युनिटना लागतो.

आणि मे महिन्याच्या बिलाचा राग कॉम्प्युटरवर काय काढता! नवतप्यात, मे अखेरच्या त्या भर उन्हाच्या दिवसांत, तुमचा कूलर किती तास चालतो? २०० वॉटचा कूलर १२ तास चालला तर महिन्याचे ७२ युनिट तिथेच. काकांकडे एसी असेल तर मग बोलायलाच नको.

कागद_आणि_कोरल:
काकांकडे दीड टनाचा एसी आहे. पण तो विषय मी काढला नाही. :)

रविवारी सकाळी दोघांनी मिळून मोजलं. मीटरवर ३२०० च छापलेलं आहे. डेस्कटॉप, मॉनिटर, यूपीएस सगळं धरून १० मिनिटांत ३८ वेळा दिवा लागला. म्हणजे तासाला २२८, जवळजवळ ७१ वॉट. मोठी फाइल पीडीएफ करायला टाकली तेव्हा दिवा भराभर लागायला लागला, ते बघून काकाच म्हणाले, "अरे, हे तर कामाप्रमाणं खातं!" मग मित्राचा लॅपटॉप लावला, बॅटरी भरलेली. १० मिनिटांत १२. साधारण साडेबावीस वॉट.

काकांच्याच पद्धतीनं महिना काढला: डेस्कटॉपचे साडेअठरा युनिट, लॅपटॉपचे सहाच्या आत. काका आता २०० रुपयांवर आले आहेत. तरी लॅपटॉप घ्यावा का?

खटपट्या:
विजेसाठी? अजिबात नको. फरक १२-१३ युनिटचा, म्हणजे महिन्याला सव्वाशे रुपये, वर्षाला दीड हजार. २५ हजार वसूल व्हायला सोळा-सतरा वर्षं. तोवर कोणता लॅपटॉप टिकतो? शिवाय मशीन जुनं झालं की डेस्कटॉपचा एकेक भाग बदलता येतो, आणि रंगाचं काम १५ इंची पडद्यावर करणं म्हणजे डोळ्यांचे हाल. बाहेरचा मॉनिटर जोडला तर त्याचे २० वॉट परत आलेच.

लॅपटॉपचा खरा फायदा वीज गेल्यावर. तुमचा ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉपला काम सेव्ह करण्यापुरता वेळ देईल, लॅपटॉप दोन-तीन तास ओढतो. पावसाळ्यात तिकडे वीज सारखी जात असेल तर तेवढ्यासाठी विचार करा. सेकंडहँड घेताना बॅटरी दुकानातच चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, आणि खालचं झाकण फुगलेलं नाही ना तेही पाहा.

मधला मार्ग मिनी पीसीचा. आतले भाग बहुतेक लॅपटॉपचेच, त्यामुळे वीजही तेवढीच, आणि तुमचा मॉनिटर, कीबोर्ड तसेच वापरता येतात. पण तोही आताचं मशीन खरंच दमलं तरच. सध्या हार्डडिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, वेग वाढेल आणि ४-५ वॉटही कमी होतील. जेवायला उठलात की मशीन स्लीपवर आणि मॉनिटर बंद.

तारेवरचा_कावळा:
आणि सीपीयू कूलरच्या ओल्या झोतात ठेवू नको. खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात सरकव, दर महिन्याला पंख्याची धूळ काढ.