इंग्लंडमधील घराचे हीटिंग: बॉयलर बदलावा, हीट पंप घ्यावा की स्वस्तात भागवावे?

अबोली:
आमचे घर रेडिंगला आहे. १९३०च्या दशकातले, तीन बेडरूमचे आणि एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक असलेले. गॅसवरचा कॉम्बी बॉयलर (घर तापवणारा आणि टाकीशिवाय नळाला गरम पाणी देणारा) जुना झाला असून तो आता ऐन थंडीत बंद पडू लागला आहे. तो बदलण्यासाठी एका मोठ्या कंपनीने ४,२०० पौंड सांगितले, गावातल्या नोंदणीकृत फिटरने २,७००, आणि हीट पंपाचा (विजेच्या मदतीने बाहेरची उष्णता घरात आणणाऱ्या यंत्राचा) खर्च सरकारी अनुदान वजा जाता ५,००० पर्यंत येतो. ओळखीतले एक गृहस्थ मात्र रोख १,५०० पौंडांत सगळे बसवून देण्यास तयार आहेत. त्यांच्या हाताला सफाई आहे, परंतु त्यांची गॅसच्या कामासाठी नोंदणी नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की बॉयलरचा नाद सोडून खोल्यांपुरते विजेचे हीटर घ्यावेत. पैसे नेमके कुठे वाचवावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाना-पक्कड:
अबोलीताई, ओळखीतल्या गृहस्थांना चहा पाजून निरोप द्यावा. ब्रिटनमध्ये पैसे घेऊन गॅसचे काम करणाऱ्याची नोंद गॅस सेफ रजिस्टरमध्ये असावीच लागते. २००९ साली कॉर्गी या जुन्या नोंदणीच्या जागी ही नोंदणी आली. फिटरच्या ओळखपत्राच्या मागच्या बाजूला त्याला कोणकोणती कामे करण्याची मुभा आहे ते छापलेले असते, तेव्हा कार्ड उलटून बघण्यास संकोच करू नये. नोंदणी नसलेल्या माणसाने बसवलेल्या बॉयलरची वॉरंटी हातची जाते, आणि पुढे घर विकताना खरेदीदाराचा वकील प्रमाणपत्र मागतो तेव्हा पंचाईत होते. चुकीच्या कामामुळे घरात पसरू शकणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, हे वेगळे सांगायला नको.

खरी बचत ४,२०० आणि २,७०० यांच्यामधल्या फरकात आहे. पाइपांची सफाई, गाळ अडवणारा चुंबकीय फिल्टर, थर्मोस्टॅट आणि वॉरंटीची वर्षे या बाबी दोघांकडूनही लेखी घ्याव्यात; त्या सारख्या असतील तर जास्तीचे पैसे केवळ कंपनीच्या नावासाठी जात आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. गरजेपेक्षा जास्त ताकदीचा बॉयलर गळ्यात मारू देऊ नये. कॉम्बीची मोठी क्षमता शॉवरच्या गरम पाण्यासाठी लागते. घर उबदार ठेवायला अशा घरांना कडाक्याच्या थंडीतही बहुधा १० किलोवॅटच्या आतच उष्णता पुरते.

डोंबिवलीकर:
सासूबाईंच्या पर्यायाचा हिशेब मांडतो. येथे विजेचे युनिट गॅसच्या युनिटापेक्षा साधारण चौपट महाग आहे. दोन किलोवॅटचा हीटर पाच तास चालला की दहा युनिटे जळतात, म्हणजे एका खोलीसाठी दिवसाला अडीच पौंडांच्या आसपास. एकटा माणूस एकाच खोलीत बसून काम करत असेल तर हे परवडते, पण भरल्या घरात हिवाळाभर नाही.

हीट पंप मात्र विजेच्या एका युनिटात सुमारे तीन युनिटे उष्णता देतो, त्यामुळे त्याचे बिल गॅसच्या जवळपास येते. त्याहून कमी यावे अशी इच्छा असेल तर बसवणाऱ्याचे कौशल्य आणि हीट पंपासाठीचा खास वीजदर, दोन्ही जमून यावे लागतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे अनुदान मिळते. त्यासाठी एमसीएस (अशा यंत्रणांची प्रमाणन योजना) प्रमाणित इन्स्टॉलर लागतो आणि अर्जही तोच करतो. खोलीनिहाय उष्णताहानी न मोजता कोणी आकडा सांगत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

अबोली:
दोघांचेही आभार. आमचे रेडिएटर (गरम पाणी खेळवून खोली तापवणारे पत्रे) हीट पंपाला पुरतील की नाही, हे घरच्या घरी तपासता येईल का?

पाना-पक्कड:
येईल. हीट पंपाचे पाणी बॉयलरइतके गरम नसते, म्हणून बॉयलर चालू असेपर्यंत, बाहेर गोठवणारी थंडी असताना, रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याचे तापमान ५० अंशांवर आणून दिवसभर हीटिंग चालू ठेवावे. ज्या खोल्या उबदार राहतील तिथले रेडिएटर पुरेसे आहेत. ज्या राहणार नाहीत, तिथले मोठे करावे लागतील. त्याआधी मात्र प्रत्येक रेडिएटरला हात लावून पाहावा. वर गार आणि खाली गरम असेल तर आत हवा साचली आहे. हीटिंग बंद करून, तो निवल्यावर ती किल्लीने सोडता येते, फक्त खाली जुने फडके धरावे, कारण शेवटी काळे पाणी उडते. खाली गार असेल तर गाळ आहे, आणि तो साफ न करता केलेली चाचणी फसवी ठरेल. तुमच्याकडे गरम पाण्याची टाकी नसल्यामुळे तापमान उतरवण्यात पाण्यात जंतू वाढण्याचा धोका नाही. टाकी असणाऱ्यांनी टाकीतले पाणी ६० अंशांच्या खाली ठेवू नये.