हार्ट अटॅकनंतर नुसतं कोलेस्टेरॉल बघून भागतं का?

निळाई:
दिवाळीच्या तोंडावर बाबांना अटॅक आला. वय 61, तंबाखू नाही, शुगर नाही, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) 96. स्टेंट बसला, घरी आले. "कोलेस्टेरॉल तर बरं होतं, मग हे का झालं?" असं विचारलं तर "होतं असं कधी कधी" एवढंच उत्तर मिळालं. माझं काही त्यावर समाधान झालं नाही, म्हणून वाचायला बसले.

रक्तातल्या मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी धमनीच्या अस्तराखाली शिरतात. तिथे त्यांच्या भक्षक पेशी होतात, अडकलेलं एलडीएल गिळत सुटतात, फुगतात आणि तिथेच मरतात. ब्लॉकेजच्या आतला लगदा तयार होण्यात त्यांचा मोठा वाटा. वरचं झाकण पोखरणारी एन्झाइम्सही त्याच सोडतात. झाकण फाटलं की गुठळी, आणि मग अटॅक.

2017 मध्ये कँटोस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. अटॅक येऊन गेलेले 10,061 रुग्ण. कॅनाकिनुमॅब हे दाह (याच पांढऱ्या पेशी खवळून होणारी आतली जळजळ) कमी करणारं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दिलं. एलडीएल जागचं हललं नाही, तरी 150 मिलिग्रॅमच्या डोसवर पुढचे अटॅक, स्ट्रोक आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून 15 टक्क्यांनी घटले.

म्हणून माझं मत: अटॅक आलेल्या प्रत्येकाची लिपिड प्रोफाइलसोबत एचएस-सीआरपी (अंगातला दाह मोजणारी रक्तचाचणी) झालीच पाहिजे, आणि ती जास्त आली तर त्यावरही उपचार हवेत.

काचपट्टी:
ताई, बाबांना लवकर बरं वाटो. पण मला हे पटत नाही. मी वीस वर्षं पॅथॉलॉजीत आहे. धमनीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की मधोमध सुईसारख्या रिकाम्या फटी दिसतात. तिथे कोलेस्टेरॉलचे स्फटिक होते, काप तयार करताना विरघळून गेले. फेसाळ पेशी, म्हणजे तुमच्या त्या फुगलेल्या भक्षक पेशी, त्या फटींच्या आजूबाजूला दाटलेल्या असतात. आत कोलेस्टेरॉल साचतं म्हणून त्या येतात. बोलावणं गेल्याशिवाय कोणी येत नाही.

दुसरं, अटॅक आलेल्या माणसाला 96 बरं नव्हेच. 70 च्या खाली हवं, युरोपातले डॉक्टर तर 55 च्या खाली आणा म्हणतात. ते सोडून पांढऱ्या पेशींच्या मागे लागणं म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी. त्याच कँटोसमध्ये जंतुसंसर्गाने जास्त माणसं गेली आणि एकूण मृत्यूंत फरक पडला नाही, हेही लिहायला हवं होतं. पुढे मेथोट्रेक्झेट हे दाहावरचं दुसरं औषध वापरून पाहिलं, त्याचा काही उपयोग झाला नाही.

निळाई:
संसर्गाचं लिहायचं राहिलं, चूक मान्य. पण मेथोट्रेक्झेटच्या त्या चाचणीत सीआरपी खाली आलाच नव्हता. दाह उतरलाच नाही तर फायदा दिसणार कुठून? 2019 मध्ये कोल्चिसिनची रोज अर्धा मिलिग्रॅमची गोळी 4,745 जणांत तपासली, तिथे अटॅक-स्ट्रोकसारखे प्रसंग 23 टक्क्यांनी घटले. गाउटची (युरिक अ‍ॅसिडने सांधे सुजतात त्याची) जुनी, स्वस्त गोळी आहे ही.

बांधावरचा:
कोल्चिसिन वाचून राहवलं नाही. पावसाळ्यात कोकणात कुंपणावर कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी. तिच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि तो कंद पोटात गेला तर जीव जातो. मूत्रपिंड अधू असेल तर गोळीसुद्धा जपून द्यावी लागते. कृपा करून कोणी हे वाचून मनाने काही सुरू करू नका. शिवाय 2024 मध्ये 7,062 रुग्णांवरच्या चाचणीत अटॅकनंतर लगेच ही गोळी देऊन फायदा दिसला नाही.

डोंगरवाट:
मी निळाईच्या बाजूने. वय वाढतं तशी मज्जेतल्या एखाद्या मूळपेशीत टीईटी-2 सारख्या जनुकाचा बिघाड होतो आणि तिचीच पिल्लावळ, म्हणजे तोच बिघाड असलेल्या पांढऱ्या पेशी, रक्तात वाढत जाते. सत्तरीपुढे दहातल्या एकाहून अधिक लोकांत हे सापडतं. अशांना हृदयधमन्यांच्या आजाराचा धोका जवळपास दुप्पट. इथे मूळ दोष पेशीतच आहे, कोलेस्टेरॉलने बोलावण्याची वाट ती कशाला बघेल?

काचपट्टी:
तरी तिला गिळायला एलडीएल लागतंच. आणि या पेशींना नुसतं खलनायक ठरवू नका. अटॅकमध्ये मेलेला स्नायू उपसून काढतात त्या याच. आधी न्यूट्रोफिल (दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशी), मग मोनोसाइट, मग हळूहळू व्रण धरतो. त्या नसत्या तर हृदयाची भिंत तिथेच फाटली असती. सीआरपी करायचीच असेल तर अटॅकनंतर निदान महिनाभर थांबा, सर्दी-दातदुखी नसताना करा, नाहीतर आकडा फसवतो.

एक विचारू? बाबा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, रोज घेतात ना?

निळाई:
तुमचं वाचून उठले आणि औषधांचा डबा उघडला. स्ट्रिपमध्ये अर्धे-अर्धे तुकडे. पोटऱ्या दुखतात म्हणून बाबा दीड महिना अर्धीच गोळी घेत होते, आईलाही बोलले नव्हते. मला रडूच आलं.

गोळीचं उद्याच डॉक्टरांना सांगते. सीआरपीचा हट्ट मात्र सोडणार नाही, तोही त्याच कागदावर लिहून नेतेय.