फोन माझा, पण त्यातली माणसं?

भटकी_मैना:
‘लपवण्यासारखं काही नसेल तर अमेरिकेच्या विमानतळावर फोन उघडून द्यायला काय जातं?’ ही पोस्ट कालपासून फिरतेय. माझं जातं. माझ्या फोनात बहिणीचे आयव्हीएफचे रिपोर्ट आहेत, मैत्रिणीच्या घटस्फोटाचं सगळं बोलणं आहे. त्यांना कुणी विचारलं? अटक केलेल्या माणसाचा मोबाइलसुद्धा वॉरंटशिवाय तपासायचा नाही, असं तिथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली खटल्यात सांगितलंय. सीमेवर, म्हणजे विमानतळावरही, अधिकाऱ्यांना फोन हाताने चाळायला मात्र कारणही लागत नाही.

एडिसनकर:
देश त्यांचा, दार त्यांचं. २०२४ या आर्थिक वर्षात तपासली ४७,०४७ उपकरणं, म्हणजे दहा हजार प्रवाशांत साधारण एक. मला आजवर कुणी विचारलं नाही. उगाच घबराट पसरवू नका.

भटकी_मैना:
तुम्ही अमेरिकेचे नागरिक असाल. नागरिकाला आत घ्यावंच लागतं, फार तर फोन ठेवून घेतील. व्हिसावाल्याने पासकोड नाकारला तर त्याला परतही पाठवू शकतात.

धाकटी_सून:
आमच्या सासूबाईंचा फोन घेतला होता. माझ्या बाळंतपणाला निघालेल्या, पर्यटक व्हिसा. मराठी मेसेज राहिले बाजूला, पण माझ्या नवऱ्याने इंग्रजीत लिहिलेलं एक वाक्य सापडलं: ‘तू आलीस की डे-केअरचे पैसे वाचतील.’ त्यावरून ‘कामाला आलात का’ म्हणून तास-दीड तास उलटतपासणी. बीपीची गोळी पर्समध्ये, पर्स टेबलापलीकडे. शेवटी सोडलं.

एडिसनकर:
मग चुकलं काय? आईला फुकटची बाई म्हणून आणायचं आणि वर तक्रार! आमच्या कॉलनीत असे आजी-आजोबा सहा महिने घरात कोंडलेले दिसतात.

धाकटी_सून:
तोंड सांभाळून बोला. नातवाला मांडीवर घेणं ही नोकरी असते का? त्या स्वतःहून आल्या होत्या. डिंकाचे लाडू करून आणले होते त्यांनी.

निवृत्त_मास्तर:
सूनबाई, रागावू नका, पण एडिसनकरांचं अगदीच खोटं नाही. आम्हीही गेलो होतो. गाडी येत नाही, भाषेची अडचण, दिवसभर बाळ आणि भांडी.

भटकी_मैना:
मास्तर, ते घरातलं भांडण. मुलाने आईला काय लिहिलं ते अधिकाऱ्याने का वाचायचं?

एडिसनकर:
बरं, गोळी घेऊ द्यायला हवी होती, एवढं मान्य. पण २०१८च्या नियमानुसार ते फक्त फोनमधलंच बघतात, इंटरनेट बंद करून. क्लाउडला, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या गोष्टींना, हात लावत नाहीत.

धाकटी_सून:
व्हॉट्सॲप फोनमध्येच असतं हो! पुढच्या वेळी त्या साधा बटणांचा फोन घेऊन येणार आहेत. नातवाचे फोटो कागदावर छापून.