मदत हवी आहे : भाकरीने शुगर पोळीपेक्षा जास्त कशी वाढते?

नमस्कार मंडळी,

वय ४६, वजन फेब्रुवारीत ७६ किलो. ऑफिसच्या तपासणीत एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर आहात (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस). गोळी नको, वजन उतरवा, तीन महिन्यांनी या. गोळी नाही म्हटल्यावर इतकं हायसं वाटलं की बाकीचं विचारायचंच राहिलं.

घरात एकमुखाने ठरलं : गहू बंद, भात बंद, ज्वारी सुरू. भाकरी हलकी, कितीही खा. मी ग्लुकोमीटर आणला आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजून आकडे वहीत लिहायला लागले. दोन फुलके, भाजी, वरण : १३८. दोन भाकऱ्या आणि पिठलं : १६१. आधी वाटलं यंत्रच बिघडलंय. दुसऱ्या दिवशी पुन्हा पिठलं-भाकरी, पुन्हा १५८.

शेवटी रविवारी साबांच्या (सासूबाईंच्या) परातीशेजारी वजनकाटा ठेवला. त्यांच्या एका भाकरीला ७५ ग्रॅम पीठ लागतं, माझ्या फुलक्याला २५. म्हणजे दोन भाकऱ्या खाऊन मी सहा फुलक्यांचं पीठ पोटात घालत होते! ज्वारी असो वा गहू, १०० ग्रॅम पिठात साधारण ६५-७० ग्रॅम कर्बोदकं असतातच. (साबा काट्याकडे अशा बघत होत्या, जणू मी त्यांच्या भाकरीचा पंचनामाच करतेय.)

तर भाकरीचं कोडं बहुतेक सुटलं, पण दोन गोष्टी अजून कळत नाहीत. रात्री नुसतं सूप पिऊन झोपले तरी सकाळी उपाशीपोटी १०८ ते ११२ येतेच, ती कुठून? आणि शुगर अशी उड्या मारत असताना वजन मात्र ७६ चं ७२.५ झालंय, हे कसं? संकष्टीला बशीभर साबुदाणा खिचडी खाल्ली तेव्हा तर तासाभराने १९४ होती!

प्रतिसाद १

सकाळची साखर यकृतातून येते. पहाटे कॉर्टिसोलसारखी संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. इन्सुलिन नीट काम करत नसेल तर ते आवरत नाही. त्यामुळे उपाशी झोपून हा आकडा उतरेलच असं नाही, तो वजनाबरोबर सावकाश उतरतो. सूप पिऊन स्वतःचे हाल करू नका.

वजन दिवसभराच्या एकूण उष्मांकांवर चालतं. जेवणानंतरची उडी कर्बोदकं किती, किती लवकर पचणारी आणि सोबत काय, यावर. म्हणून एकाच महिन्यात दोन्ही दिसू शकतं. आधी काकडी, भाजी, उसळ खा, भाकरी शेवटी. जेवल्यावर पंधरा मिनिटं चाला, स्नायू चालताना रक्तातली साखर ओढून घेतात. आणि घरच्या मीटरमध्ये १५ टक्के इकडेतिकडे होतं, त्यामुळे १३८ की १४५ यावर डोकं फोडू नका.

प्रतिसाद २

साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिनं आणि तंतू नावालाच. दाण्याचा कूट वाढवला तर उडी जरा कमी होते, पण उष्मांक वाढतात. भगरही धान्यच, तीही मोजूनच. उपासाला दही, ताक, शेंगदाणे, काकडी यांवर भर द्या आणि खिचडी वाटीभरच घ्या.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल करून पाहिलं : आधी काकडी आणि वाटीभर मटकीची उसळ, मग एकच भाकरी, वर गच्चीवर फेऱ्या. १२९!

साबांना कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग आता लहान भाकऱ्या थापू का? तव्याला शोभतील तरी?"